गयासचा गुडघा

२१ ऑक्टोबर, मंगळवार (लक्ष्मीपूजन)

ही डायरी कंपनीने जानेवारीत दिली तेव्हा मी नोकरीत होतो. मे महिन्यात निवृत्त झालो आणि ती कोरीच राहिली. बियाण्यांच्या कंपनीची म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी शेतीचा एक सल्ला छापलेला आहे. आजचा सल्ला हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचा. तीस वर्षं जालन्याच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडून किती उगवले ते मोजण्यात गेली, त्यामुळे मला तो नवा नाही. मला आज वेगळाच सल्ला हवा होता आणि तो कुणाला मागायची लाज वाटली, म्हणून लिहायला बसलो.

पूजा आटोपली आणि न्यूझीलंडहून अद्वैतचा फोन आला. जानेवारीत त्याला पंधरा दिवस सुट्टी आहे. तिथे टाउपो नावाचं तळं आहे. तळं कसलं, अर्धा अंबड तालुका बुडेल एवढं पाणी. तिथे ट्राउट नावाचा मासा मिळतो. होडी घ्यायची, गळ टाकायचे, पंधरा दिवस दुसरं काही करायचं नाही, असा त्याचा बेत. रमा गेल्या वर्षी नातीच्या वेळी पाच महिने राहून आली आणि आता पुन्हा विमानात पाऊल ठेवणार नाही म्हणते. म्हणून अद्वैत दोन तिकिटं काढणार आहे, एक माझं आणि एक गयासचाचांचं. "तुम्ही त्यांना विचारा बाबा, मी विचारण्यापेक्षा तुम्हीच विचारलेलं बरं," असं म्हणाला.

मी "वा" म्हटलं. मनातून मात्र गप्प झालो. का झालो ते आज सणासुदीला लिहवत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

शहागडला जाऊन आलो. गयासोद्दीन आणि मी शाळेत एका बाकावर होतो. माझे वडील तिथे पोस्टमास्तर होते. आता त्याचं हायवेवर ट्रकच्या रेडिएटरचं दुकान आहे. चाळीस वर्षं झाली, सुट्टीचा दिवस आम्ही गोदावरीच्या काठावर गळ टाकून काढतो. माझ्या घरात मांसमच्छी चालत नाही, म्हणून मासा गयासच्या घरी जातो आणि मागोमाग मीही जातो. मैमूनाभाभी रांधतात, मी पोटभर जेवतो. परत येताना मूठभर बडीशेप खातो आणि रमा काही कळलं नसल्यासारखं करते. संसार असाच चालतो.

सप्टेंबरातल्या पुराने काठावरची आमची बसायची जागा वाहून नेली. जरा वर नवी जागा केली. बसल्या बसल्या गयासला सांगितलं की अद्वैतने जानेवारीत मासे धरायला बोलावलंय. त्याचा चेहरा इतका खुलला की वाटलं, पुढचं वाक्यही आपसूक बाहेर पडेल. नाही पडलं.

"अजून काय म्हणला अद्वैत?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, तिकडे तेव्हा उन्हाळा असतो म्हणाला.

"अजून?"

अजून काय असणार, म्हटलं. तो पाण्याकडे बघत बसला. एवढं खोदून तो कधी विचारत नाही. वय झालं की माणसाला चौकश्या सुचतात.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज लिहून टाकतो.

अद्वैत नऊ वर्षांचा होता. मी त्याला पहिल्यांदा नदीवर नेलं. गळ मी बांधून दिला, आमिष मी लावलं, शेजारी मी बसलो. गयास पलीकडे पन्नास पावलांवर. दुपारी अद्वैतच्या गळाला मरळ लागला, चांगला हातभर. काठी वाकली आणि पोरगं ओरडलं, "चाचा!"

शेजारी मी होतो. हात पुढे केला तर मासा आणि काठी दोन्ही धरता आले असते. पण तो "चाचा" म्हणून ओरडला आणि गयास चिखलातून धावत आला. त्याने मासा काढून दिला, पोराला खांद्यावर घेतलं. मी टाळ्या वाजवल्या.

नंतरही तसंच होत राहिलं. गाठी कशा मारायच्या, पाण्याचा रंग बघून काय ओळखायचं, सगळं त्याने गयासकडून घेतलं. माझ्याकडे तो बीजगणित घेऊन यायचा. एवढ्यासाठी साठ वर्षांचा माणूस मित्राचं तिकीट लपवतो, हे दुसऱ्या कुणाच्या डायरीत वाचलं असतं तर मी हसलो असतो. पण मला ते पंधरा दिवस एकट्याला हवे आहेत. एकदा तरी त्याच्या गळाला मासा लागावा आणि जवळ मी सोडून कोणी नसावं. लाज वाटते, तरी हवे आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

आज नदीवर गेलो नाही, रमाच्या माहेरचं कार्य होतं. संध्याकाळी अद्वैतचा फोन. चाचांचं काय ठरलं, व्हिसाला वेळ लागतो, पंधरा तारखेपर्यंत त्यांचे कागद पाठवा.

मी म्हटलं, "अरे, त्याचा गुडघा फार दुखतोय. डॉक्टर एवढा प्रवास नको म्हणतात."

हे आधी ठरवलेलं नव्हतं. जिभेवर तयारच होतं. गुडघा का, तेही सांगता येणार नाही. गयास आजही उकिडवा बसला की तासभर हलत नाही.

 अद्वैत म्हणाला, "मग तुम्ही एकटे याल ना?" येईन म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, "नक्की याल ना बाबा? चाचा नाहीत म्हणून रद्द नाही ना करणार?" मला राग आला. चाचा नाही म्हणून त्याचा एवढा विरस व्हावा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खोटं बोलणं सोपं असतं, ते घरात सांभाळणं अवघड. रमाने परवाचा फोन ऐकला होता. आज तिने निर्गुडीचा पाला आणून तिळाच्या तेलात कढवला, गाळला आणि बाटलीत भरून माझ्या हातात दिला. गयासभाऊंना द्या, म्हणाली, रात्री कोमट करून चोळायला सांगा. वर मलाच बोलली की एवढा जिवाचा मित्र, त्याचा गुडघा दुखतोय हे तुम्ही घरी सांगितलंसुद्धा नाहीत.

बाटली गाडीच्या डिकीत ठेवली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज शेवटची तारीख होती. दिवसभर फोन हातात होता. दोनदा गयासचा नंबर काढला. एकदा लागलाही, तर त्याने दुकानातल्या गोंगाटात विचारलं, "बोल मुकुंदा, काही काम होतं का?" उद्या येतो म्हटलं आणि ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

संभाजीनगरला जाऊन काठी घेतली. अद्वैत म्हणत होता, काही आणू नका, तळ्याकाठच्या दुकानात काठी, रीळ, बूट सगळं भाड्याने मिळतं आणि चांगलं मिळतं. मी ऐकलं नाही. मला तिथे हात हलवत जायचं नव्हतं. ह्या माणसाला सामानातलं कळतं, असं त्याला दिसायला हवं. पण सामानातलं कळतं गयासला, म्हणून त्यालाच बरोबर घेतलं. ह्याला निर्लज्जपणा म्हणतात हे मला माहीत आहे.

त्याने दुकान बंद ठेवलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी नीट करून हायवेवर उभा होता. भाड्याच्या सामानाचं सांगितल्यावर त्याने मान हलवली. भाड्याची काठी धा हातांतून गेलेली असते, म्हणाला, तिचा तोल कुणाच्याच हाताचा नसतो.

दुकानदार पोरगेला होता. त्याने आम्हा दोन म्हाताऱ्यांना स्वस्तातलं दाखवायला सुरुवात केली. गयासने ते बाजूला सारलं आणि वरच्या फळीकडे बोट केलं. कार्बनची काठी, चार तुकड्यांची, जोडून उभी केली की माझ्यापेक्षा उंच, सोडली की पिशवीत बसेल एवढी. गयासने खिशातून कापसाचा बोळा काढला. तो येताना कुणाच्या तरी वावरातून घेतला असावा. काठीवरच्या एकेका कडीतून त्याने कापूस हळूच ओढून काढला. कडीला आतून बारीक चरा असेल तर कापसाचा तंतू अडकतो, आणि कापूस अडकतो तिथे पुढे दोरी तुटते. पहिल्या काठीच्या तिसऱ्या कडीला तंतू अडकला.  दुसरी काठी काढली, ती निघाली स्वच्छ. मग गयासने रीळ कानाला लावून फिरवलं. एक, दोन, तीन रिळं परत केली. चौथ्याला म्हणाला, "हे घे. आत काही खरखरत न्हाई."

किंमत लिहीत नाही, ही डायरी रमाच्या हाती लागू शकते.

जेवताना त्याने सांगितलं की पासपोर्ट करून घेतला आहे. ऑक्टोबरात आला. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, "राहू द्यावा जवळ. कधी काय काम पडंल." मग माझ्याकडे बघत राहिला. मैमूनाभाभींना घेऊन मक्केला, उमऱ्याला जायचं असेल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, हां, तसंच समज. परतीच्या वाटेवर त्याने त्या तळ्याचं बरंच विचारलं. पाणी किती खोल, तळ खडकाचा की गाळाचा, होडीतून गळ टाकायचा की काठावरून. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. त्याला मात्र माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मोबाइलवर बघितलं म्हणाला.

३० नोव्हेंबर, रविवार

आज बोहनी झाली. आमच्यात रीत आहे, नवी काठी ज्याची त्याने पहिल्यांदा पाण्यात टाकायची नाही. दुकानदाराला पहिलं गिऱ्हाईक जसं बाहेरून यावं लागतं, तशी काठीची बोहनी दुसऱ्याच्या हाताने व्हावी लागते. माझ्या प्रत्येक काठीची बोहनी गयासने केली आहे, त्याच्या प्रत्येक काठीची मी.

त्याने हात धुतले, काठी जोडली, बिस्मिल्ला म्हणून गळ टाकला. एवढ्या लांब गेलेला गळ मी त्या काठावर पाहिलेला नाही. "काय हलकी चालते रे," तो म्हणाला आणि पुन्हा टाकला. पुन्हा टाकला. एरवी बोहनीचा एक गळ टाकून तो काठी परत देतो. आज अर्धा तास झाला तरी देईना. त्याचे डोळे समोरच्या पाण्यावर होते, पण तो शहागडची गोदावरी बघत नसावा. एक लहान चिलापी लागली. बोहनीचा मासा पाण्याचा, म्हणून त्याने ती सोडून दिली. मग काठी पुसून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तारीख टळली होती, पण सांगायला तारीख लागत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

अद्वैतला काठीचा फोटो पाठवला. वाटलं खूश होईल. त्याने तिथला नियम पाठवला. वापरलेलं मासेमारीचं सामान घेऊन उतरलात तर अर्जावर तसं लिहावं लागतं. त्यावर माती, शेवाळ, ओल काही चालत नाही, नाहीतर तिथेच ठेवून घेतात. नवं असेल तर प्रश्न नाही. शेवटी लिहिलं होतं, "नवीच आहे ना?"

बोहनी झाली नसती तर नवीच होती. दुपारी न्हाणीघरात बसून काठी, रीळ, दोरी साबणाच्या कोमट पाण्याने धुतली. दातांच्या ब्रशने कड्या घासल्या. रिळाच्या फटीत गोदावरीची बारीक वाळू अडकली होती, ती टाचणीने काढली. गॅलरीत वाळत घातलेलं सामान बघून रमा म्हणाली, सोवळ्यात घेतलंत वाटतं.

अद्वैतला कळवलं, वापरलेली आहे, अर्जात तसंच लिहीन. सरकारी अर्जात खोटं लिहायला मी धजत नाही. मित्राविषयी बोलताना एवढा विचार केला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

तेलाच्या बाटलीचा आज निकाल लागला. महिनाभर ती डिकीत होती. रमा रोज विचारते, भाऊंना फरक पडला का? मी रोज म्हणतो, थोडा. आज वाटलं, ओतून टाकावी. पण तिने दोन तास चुलीपाशी बसून केलेलं तेल रस्त्यावर ओतवेना. गयास अंगणात मासे साफ करत होता, तेवढ्यात आत जाऊन मैमूनाभाभींना दिली. रमाने पाठवलंय, गुडघ्यासाठी, एवढंच म्हटलं.

त्या चकित झाल्या. "भाभी को किसने बताया? मेरे घुटने तो बरसात से दुख रहे हैं। मैं तो अब जीना भी नहीं चढ़ती, भाईजान।" मी म्हटलं, तिला कळतं कुठून तरी. नशिबाने त्यांचे गुडघे खरंच दुखत होते. सुटलो असं वाटलं. वळून बघतो तर दारात गयास, हातात सुरी. गुडघ्याचं काय म्हणून त्याने विचारलं, भाभींनी सांगितलं. तो हसला नाही. नुसतं म्हणाला, "रमावहिनीला माझा सलाम सांग."

घरी येताना गाडीत सुचलं. जिना चढत नाही म्हणणारी बाई उमऱ्याला कशी जाणार? पण तो त्यांचा प्रश्न.

४ जानेवारी, रविवार

डायरी डिसेंबरात संपली. जानेवारीची पानं कोरीच होती, त्यांवर लिहितोय. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत.

व्हिसा येऊन पंधरा दिवस झाले. सोळा तारखेचं विमान. आज नदीवर गयासने मला गळ टाकायला शिकवलं. चाळीस वर्षांनी! म्हणाला, ही काठी आपल्या बांबूसारखी जोराने हाणायची नाही, हिला मनगट पुरतं. माझा हात धरून त्याने चार वेळा टाकून दाखवला. पाचव्यांदा मला जमलं. त्याला माझ्यापेक्षा जास्त बरं वाटलं. "अद्वैत बघंल तर म्हणल, बाबा कुठून शिकले," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी सांगणार. काहीही होवो. जाण्याआधीचा तो शेवटचा.

११ जानेवारी, रविवार

मी सांगितलं नाही. त्याआधीच झालं.

काठावर बसून गयास मला काठीचे तुकडे कसे गुंडाळायचे ते दाखवत होता, उकिडवा बसलेला, नेहमीसारखा. मी तोंड उघडणार तेवढ्यात अद्वैतचा व्हिडिओ कॉल आला. कुठे आहात, म्हणाला. नदीवर म्हटलं. तो एकदम आनंदला. चाचा आहेत का शेजारी, दाखवा ना. नाही कसं म्हणणार? मी फोन गयासकडे दिला.

"चाचा, गुडघा कसा आहे आता?"

गयासने फोनकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. खाली माती होती, काठीचे चार तुकडे होते.

मग तो हळूच जमिनीवर टेकला. उजवा पाय लांब केला आणि त्या हट्ट्याकट्ट्या गुडघ्यावर हात फिरवायला लागला. "दुखूनच राह्यलाय बेटा," तो म्हणाला. "थंडी पडली का जास्तच. डागदर म्हणला, इतका वेळ विमानात बसू नका. मंग काय करणार?"

हा माणूस माशाचं वजनसुद्धा वाढवून सांगत नाही. दुकानात गिऱ्हाईकाला जुना पार्ट नवा म्हणून देत नाही. त्याने माझ्या पोराला कॅमेऱ्यासमोर लंगडा पाय दाखवला.

अद्वैत म्हणाला, फार वाईट वाटलं चाचा. तुम्ही नसाल तर बाबा यायचेच नाहीत असं वाटलं होतं. तुम्ही असलात की ते मोकळे असतात. आम्ही दोघंच असलो की मला काय बोलावं सुचत नाही, त्यांनाही सुचत नाही. गयास म्हणाला, "सुचंल. घाई करू नको. पाण्यावर सुचतं माणसाला." म्हणजे माझ्याशी बोलायलासुद्धा अद्वैतला गयास लागतो, एवढंच मला तेव्हा कळलं. आता लिहिताना वाटतंय, त्याचं म्हणणं काही वेगळं असावं.

फोन ठेवला. गयास पाय लांब करून तसाच बसला होता.

"उजवा सांगितलाय," तो म्हणाला. "ध्यानात ठेव. न्हाईतर तू तिथं डावा सांगशील."

मी माफी मागायला लागलो. त्याने हात वर करून थांबवलं. मग जे सांगितलं ते सगळं त्याने पाण्याकडे बघत सांगितलं. ईद-ए-मिलादला अद्वैतने त्याला मुबारक द्यायला फोन केला होता. तेव्हाच सांगितलं होतं की चाचा, तुम्हा दोघांना बोलावणार आहे, दिवाळीला बाबांना सांगतो, मग ते तुम्हाला विचारतील. त्याने दुसऱ्याच दिवशी पासपोर्टचा अर्ज भरला. दिवाळीनंतर मी आलो तेव्हा त्याला वाटलं, आज विचारणार. मग वाटलं, पुढच्या ऐतवारी विचारणार. दुकानात नेलं तेव्हा वाटलं, आता दोन काठ्या घेणार.

"मंग बोहनीच्या दिवशी समजलं," तो म्हणाला. "तुला न्हाई न्यायचं. का न्हाई ते समजलं न्हाई. गुडघ्याचं तर आत्ता समजलं."

मी विचारलं, माहीत होतं तर मला विचारलं का नाहीस?

"बोलावणं मागून घ्यायचं असतं का?"

मी मरळाची गोष्ट सांगितली. पोरगं नऊ वर्षांचं होतं ती. सगळी सांगितली. त्याला तो दिवस आठवत नव्हता. मी आयुष्यभर धरून बसलो होतो ती दुपार त्याच्या लक्षातच नव्हती. मग मी विचारलं, आला असतास?

"आलो असतो की," तो म्हणाला. "मला ते पाणी बघायचं होतं."

मी काठीची पिशवी उचलली आणि त्याच्यासमोर धरली. ही तू ठेव, मी तिथे भाड्याने घेईन, म्हटलं. त्याने पिशवीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"काठी देऊन मोकळा होऊन राह्यला का?"

मी पिशवी खाली ठेवली. तो उठला, पँट झटकली. जाताना एकच बजावून गेला, अद्वैतला यातलं काही सांगू नको, बापाने पोरापुढे खोटं पडू नये. दुपारचा एक वाजला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला जेवायला घरी बोलावलं नाही. मी गाडी काढली आणि अंबडला एका हॉटेलात वडापाव खाल्ला.

१४ जानेवारी, बुधवार

रमाला सांगितलं. ती तिळगुळाचे डबे भरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवायला थांबवलं का त्यांनी? मी नाही म्हटलं. शहागडचा डबा तिने वेगळा बांधून ठेवला होता, तो कपाटात ठेवून दिला.

१६ जानेवारी, शुक्रवार, मुंबई विमानतळ

सामान आत गेलं. अर्ज तिकडे उतरताना भरायचा आहे. बाकड्यावर बसून लिहितोय, शेजारची बाई चोरून वाचते आहे बहुतेक, वाचू दे.

सकाळी गयासच्या घरी फोन केला. भाभींनी उचलला, दुकानात गेलेत म्हणाल्या. दुकानात केला, उचलला नाही. तासाभरापूर्वी त्याने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मागे ट्रकचा हॉर्न आहे. "मुकुंदा, पाणी कसं हाय ते बघून सांग. तळाचा गोटा दिसतो म्हणतात इतकं साफ. दिसला तर सांग." एवढंच. माझ्यावर राग आहे की गेला, काही कळत नाही. चार वेळा ऐकलं.

त्याने सांगितलं ते आयुष्यभर ऐकत आलो. कुठे बसायचं, कुठला गळ बांधायचा, कधी उठायचं. पण अद्वैतला सांगू नको म्हणाला ते मी ऐकणार नाही. तळ्यावर जाण्याआधी, काठी जोडण्याआधी त्याला समोर बसवून सांगणार आहे की चाचांना मी विचारलंच नव्हतं. त्यानंतर त्याला माझ्याबरोबर होडीत बसावंसं वाटलं तर तो बसेल. नाही वाटलं तर मी काठावर बसेन. पोरापुढे खोटा पडायला मला भीती वाटते, फार वाटते. पण सांगितलं नाही तर अद्वैत पुन्हा कधीतरी गयासला फोन करून गुडघ्याची चौकशी करेल, आणि तो पुन्हा पाय लांब करून खोटं बोलेल, माझ्यासाठी. ते मला आता होऊ द्यायचं नाही.